मोटरला हवा किती लागते? जिनिंग, दाल मिल आणि राइस मिलमधल्या नवख्यांसाठी हवेचा आणि दाबाचा हिशोब

मोटरच्या नेमप्लेटवर भोवतालच्या हवेचं तापमान दिलेलं असतं. वेगळं काही लिहिलेलं नसेल तर ते ४० अंश सेल्सिअस धरतात. काही मोटरींवर ४५ किंवा ५० असतं. अकोला, वर्धा, चंद्रपूर भागात मे महिन्यात सावलीतच पारा ४५-४७ वर जातो आणि पत्र्याच्या शेडखाली त्याहून वर. म्हणजे ४० अंशाची मोटर उन्हाळाभर आपल्या हद्दीबाहेर चालत असते. त्यात जिनिंगमध्ये रुईचे तंतू, दाल मिलमध्ये चुरी आणि टरफलांची धूळ, गोंदिया-भंडाऱ्याकडच्या राइस मिलमध्ये कोंडा. मोटर जळाली की सगळे व्होल्टेजला नाव ठेवतात, आणि व्होल्टेजचा दोष असतोही. पण पंख्याची जाळी उघडून कोणी पाहत नाही.

हा लेख आयटीआय करून नुकतेच मिलमध्ये लागलेल्या वायरमनसाठी, रिवाइंडिंगच्या दुकानात शिकणाऱ्यांसाठी आणि स्वतःची छोटी मिल चालवणाऱ्यांसाठी आहे. गणित आठवीच्या वरचं नाही. इथे बोलतो आहोत ती बंद बॉडीची मोटर: बाहेर फिन (बॉडीवरच्या उभ्या पट्ट्या), मागे पंखा, त्यावर जाळीचं कव्हर. बोअरमधली सबमर्सिबल पाण्यानं थंड होते, तिला हा हिशोब लागू नाही.

आधी उष्णता मोजा

हवा किती लागेल हे मोटरच्या एचपीवरून ठरत नाही, मोटरमध्ये वाया जाणाऱ्या विजेवरून ठरतं. शाफ्टवर गेलेली ताकद मशीन वापरते. उरलेली वीज तांब्याच्या तारेत, आतल्या लोखंडी पत्तीत आणि बेअरिंगमध्ये उष्णता होते आणि ती हवेनं नेली पाहिजे.

सूत्र असं: लॉस = शाफ्टची ताकद × (१ ÷ एफिशियन्सी − १).

३० एचपी म्हणजे २२ किलोवॉट, चार पोल, आयई२ (एफिशियन्सीचा एक दर्जा) मोटर घ्या. तिची एफिशियन्सी ९१.६ टक्के. १ भागिले ०.९१६ म्हणजे १.०९१७, त्यातून १ गेला की ०.०९१७ उरतात, गुणिले २२. लॉस आला २.०२ किलोवॉट. दोन हजार वॉटची एक शेगडी अखंड पेटलेली आहे असं समजा. १० एचपीच्या म्हणजे ७.५ किलोवॉटच्या आयई२ मोटरची एफिशियन्सी ८८.७ टक्के असते, तिचा लॉस सुमारे ९५५ वॉट.

मोटर पाऊण लोडवर चालत असेल तर एफिशियन्सी जवळपास तीच राहते, म्हणून लॉसही पाऊणपट धरायला हरकत नाही. पण दोन गोष्टी लॉस वाढवतात आणि आपल्याकडे त्या दोन्ही हमखास सापडतात.

पहिली, रिवाइंडिंग. जुनी वायर काढताना स्टेटर (मोटरचा न फिरणारा भाग) जास्त तापवला किंवा तार एक गेज बारीक घातली तर एफिशियन्सी दीड-दोन टक्के सहज पडते. कानाला हे थोडं वाटतं. पण ९१.६ ची ९० झाली तर त्याच २२ किलोवॉटला लॉस २.०२ वरून २.४४ किलोवॉटवर जातो, म्हणजे पाचवा हिस्सा उष्णता जास्त. दुसरी, कमी व्होल्टेज. ४१५ च्या जागी ३७० व्होल्ट मिळत असतील आणि लोड तेवढाच असेल तर करंट सुमारे १२ टक्के वाढतो. तांब्यातला लॉस करंटच्या वर्गानं वाढत असल्यामुळे तो पंचवीस टक्क्यांच्या आसपास चढतो. क्लॅम्प मीटरनं तिन्ही फेजचा करंट घ्या, नेमप्लेटशी ताडा, मगच पुढे जा. करंट नेमप्लेटच्या वर असेल तर आधी लोड आणि सप्लाय पाहा. हवेनं तो आजार बरा होत नाही.

मग हवा काढा

आपल्या भागाची उंची समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास आहे. ४५ अंशाला एक घनमीटर हवेचं वजन इथे साधारण १.०७ किलो भरतं. पुस्तकात १.२ लिहिलेलं असतं ते थंड हवेचं, समुद्रसपाटीचं. ते घेतलंत तर हिशोब दहा-बारा टक्के फसवा येईल. एक किलो हवा एक अंशानं तापवायला सुमारे १००५ ज्यूल लागतात. दोन्हींचा गुणाकार १०७५. हा आकडा पाठ करून ठेवा.

लागणारी हवा (घनमीटर प्रति सेकंद) = लॉस (वॉट) ÷ (१०७५ × हवेची तापमानवाढ).

एक किलोवॉट लॉस असेल आणि हवा १० अंशानं तापू दिली तर ०.०९३ घनमीटर प्रति सेकंद, म्हणजे तासाला ३३५ घनमीटर. दुकानदार सीएफएममध्ये (मिनिटाला किती घनफूट) बोलतो, त्याच्या भाषेत जवळपास २००. हवा फक्त ५ अंशच तापावी असं म्हटलं तर दुप्पट.

किती वाढ चालेल? मोटर उघड्यावर असेल तर तिचा स्वतःचा पंखा हे ठरवूनच बसवलेला असतो, आपण फक्त तो हिशोबाप्रमाणे ओढतो का ते तपासायचं. मोटर केबिनमध्ये असेल तर निर्णय आपला. बाहेर ४५ असताना केबिनची हवा ५ अंशांहून जास्त तापू देऊ नका, कारण मोटर मग ५० अंशाची हवा ओढते. ४० अंशाच्या मोटरीसाठी उत्पादकांचे तक्ते ५० अंशाला साधारण ९० ते ९२ टक्केच लोड घ्यायला सांगतात. त्यापुढे सूट नाही. वाइंडिंग दर १० अंश जास्त तापली की इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं. हा जुना ठोकताळा आजही उपयोगी पडतो.

मोटरचा स्वतःचा पंखा: खोक्याची पद्धत

यासाठी लागतं पुठ्ठ्याचं खोकं, चिकटपट्टी आणि १०० मिलिमीटर पातीचा अ‍ॅनिमोमीटर, म्हणजे हवेचा वेग मोजायचं यंत्र.

अ‍ॅनिमोमीटर थेट जाळीला टेकवून वेग घेऊ नका. जाळीपाशी हवा गरगरत आत शिरते, मध्यभागी कमी आणि कडेला जास्त असते, आणि पाती जाळीच्या तारांमधला वेग दाखवते. आकडा हमखास जास्त येतो. त्याऐवजी ३०० × ३०० मिलिमीटर तोंडाचं, दोन्ही बाजूंनी उघडं आणि ४०० मिलिमीटर लांब खोकं बनवा. कुलरच्या पॅकिंगचा पुठ्ठा चालतो. त्याचं एक तोंड पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावून मोटरच्या कव्हरभोवती बसवा आणि फटी चिकटपट्टीनं बंद करा. हे सगळं मेन स्विच पाडून, फ्यूज काढून करायचं. गळ्यात उपरणं किंवा गमछा ठेवून मोटरच्या मागे वाकायचं नाही.

दुसऱ्या तोंडावर दोऱ्यानं तीन बाय तीन असे नऊ चौकोन आखा. प्रत्येक चौकोन १०० मिलिमीटरचा, म्हणजे पाती बरोब्बर मावते. मोटर चालू करा. प्रत्येक चौकोनात पंधरा-वीस सेकंद पाती धरा, नऊ आकडे लिहा, सरासरी काढा, गुणिले ०.०९ (खोक्याच्या तोंडाचं क्षेत्र, चौरस मीटरमध्ये). हात आणि अंग खोक्याच्या बाजूला ठेवा, समोर उभे राहिलात तर हवा अडते.

१० एचपीच्या मोटरवर सरासरी १.४ मीटर प्रति सेकंद आली असं धरा. हवा झाली ०.१२६ घनमीटर प्रति सेकंद. लॉस ९५५ वॉट भागिले (१०७५ × ०.१२६) म्हणजे ७ अंश. हवा सात अंशानं तापून बाहेर पडते आहे. ठीक आहे.

आता तीच जाळी रुईनं भरली आणि हवा निम्मी झाली. कागदावर वाढ १४ अंश होते, आणि नवखा म्हणतो, सातच अंश तर वाढले. इथेच चूक होते. फिनवरून हवेत उष्णता जाण्याचं प्रमाण वेगाच्या सुमारे ०.८ घातानं बदलतं. वेग निम्मा झाला की ते ५७ टक्क्यांवर येतं. आधी बॉडी हवेपेक्षा ३० अंश वर होती असं धरलं, तर ती आता ५२ अंश वर जाते. हवेचे सात आणि बॉडीचे बावीस अंश मिळून वाइंडिंगवर पडतात. मोटर एकदम जळत नाही, महिन्याभरात जळते, म्हणून कारण लक्षात येत नाही.

बॉडीचं तापमान घेताना इन्फ्रारेड थर्मामीटर रंग दिलेल्या जागेवर धरा. उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर तो खूप कमी दाखवतो. तिथे काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, पाच मिनिटं थांबा आणि टेपवर मोजा. मोटर किमान दोन-तीन तास लोडवर चालल्याशिवाय कुठलाही आकडा खरा मानू नका.

दाब कुठे खर्च होतो

हवा पुढे जाते ती दाबाच्या जोरावर, आणि वाटेतली प्रत्येक अडचण त्यातला थोडा दाब खाते. उन्हाळ्याअखेर कुलरच्या गवतावर क्षार चढले की पंखा तेवढ्याच जोरात फिरतो पण खोलीत वारा येत नाही. तिथे पंखा बिघडलेला नसतो, दाब गवतात संपलेला असतो. मोटरचंही तसंच.

हिशोबाचा पाया एकच आहे: वेगाचा दाब = ०.५ × हवेची घनता × वेगाचा वर्ग. आपल्या हवेला ०.५३५ गुणिले वेगाचा वर्ग, उत्तर पास्कलमध्ये, म्हणजे दाबाच्या एककात. पाण्याच्या स्तंभात बोलायचं तर १ मिलिमीटर म्हणजे ९.८ पास्कल. मग प्रत्येक अडचणीला एक गुणक असतो. वेगाच्या दाबाला त्यानं गुणलं की दाबाची घट मिळते.

साध्या पत्र्याच्या डक्टसाठी (हवा नेणाऱ्या नळकांड्यासाठी) हे गुणक पुरतात: भिंतीत बसवलेलं चौकट तोंड ०.५, काटकोनात जोडलेला धारदार एल्बो (डक्टचं वळण) १.२, गोलाईचा एल्बो ०.२५, डक्टमधून मोकळ्या जागेत बाहेर पडणं १. सरळ डक्टसाठी ०.०२ गुणिले लांबी भागिले डक्टची रुंदी.

जाळीचा गुणक तिच्या मोकळ्या भागावर ठरतो. तारेच्या जाळीसाठी: १.३ × (१ − मोकळा भाग), त्यात (१ ÷ मोकळा भाग − १) चा वर्ग मिळवायचा. जाळीचं भोक १० मिलिमीटर आणि तार दीड मिलिमीटर असेल तर मोकळा भाग म्हणजे १० भागिले ११.५ चा वर्ग, ०.७६. मच्छरजाळीचं भोक १.२ आणि तार ०.३ धरली तर ०.६४.

मोकळा भाग ०.७ असताना गुणक ०.५७ येतो. ०.५ ला १.६५. ०.३ ला ६.३५. ०.२ ला १७. हे आकडे सावकाश पुन्हा वाचा. अर्धी जाळी भरेपर्यंत फारसं काही जाणवत नाही, आणि मग एकदम दाब कोसळतो. सकाळी दहाला बरी वाटलेली मोटर दुपारी चारला हात लावू देत नाही, त्याचं कारण हेच.

मोटरच्या स्वतःच्या पंख्याकडे दाब किती असतो? सरळ पात्यांचा २२० मिलिमीटर व्यासाचा पंखा १४४० फेऱ्यांनी फिरला तर पात्याच्या टोकाचा वेग १६.६ मीटर प्रति सेकंद होतो. त्या वेगाचा दाब सुमारे १५० पास्कल. हिशोबाला ही वरची मर्यादा धरा, तीही हवा पूर्ण अडवलेली असताना. म्हणजे पाण्याचे जेमतेम १५ मिलिमीटर. त्यातच त्याची स्वतःची जाळी, कव्हरमधलं वळण आणि फिनमधला प्रवास भागायचा असतो. म्हणून या पंख्याच्या तोंडाला लांब डक्ट जोडू नका, कव्हरच्या जाळीवर मच्छरजाळी तर मुळीच बांधू नका. जिनिंगमध्ये ती काही तासांत नमद्यासारखी भरते.

कव्हर भिंतीला चिकटलेलं असणंही तसंच घातक. जाळीच्या गोलाचा व्यास २५० मिलिमीटर असेल तर भिंत किमान व्यासाच्या पाव, म्हणजे ६३ मिलिमीटर दूर हवी; एवढ्या अंतरावर कडेनं शिरायची वाट जाळीच्या क्षेत्राइतकी होते. त्याहून जवळ असेल तर भिंत हीच दुसरी जाळी. जागा असेल तर अंतर व्यासाइतकं सोडा.

केबिनचा पूर्ण हिशोब

३० एचपीची तीच मोटर धुळीपासून वाचवायला विटांच्या केबिनमध्ये ठेवली आहे. बाहेरून स्वच्छ हवा डक्टनं आणायची. लॉस २०२० वॉट, वाढ ५ अंश, म्हणून हवा ०.३८ घनमीटर प्रति सेकंद, तासाला १३७० घनमीटर, सुमारे ८०० सीएफएम.

३०० × ३०० चा डक्ट घेतला तर क्षेत्र ०.०९, वेग ४.२ मीटर प्रति सेकंद, वेगाचा दाब ९.५ पास्कल.

गावातला पत्रेवाला सहसा डक्टच्या तोंडावरच डक्टएवढी जाळी लावतो आणि दोन काटकोनी एल्बो ठोकून देतो. निम्मी मोकळी जाळी १.६५ × ९.५ म्हणजे १५.७ पास्कल. तोंड ४.८. दोन एल्बो २२.८. चार मीटर सरळ डक्ट २.५. केबिनमध्ये बाहेर पडताना ९.५. केबिनच्या दुसऱ्या टोकाला ४५० × ४५० ची बाहेर पडायची जाळी, तिथे वेग फक्त १.९, तिची घट साधारण ६. एकूण ६१ पास्कल, तेही जाळी स्वच्छ असताना.

आता फक्त दोन बदल करा. तोंडावर ६०० × ६०० चं खोकं बसवून जाळी त्यावर लावा. वेग चौथाई झाला, वेगाचा दाब सोळावा हिस्सा, जाळीची घट १५.७ वरून १ पास्कलवर. एल्बो गोलाईचे करा, २२.८ चे ४.८ होतात. एकूण आलं २८.६ पास्कल. पंखा तोच, डक्ट तोच. खर्च वाढला तो पत्र्याच्या एका शीटचा आणि कारागिराच्या अर्ध्या दिवसाचा. घट वेगाच्या वर्गानं चालते, म्हणून मोठा पंखा विकत घेण्याआधी वाट रुंद करा.

जाळी भरल्यावर फरक आणखी उघड होतो. मोकळा भाग ०.२ वर आला तर तेवढ्याच हवेला छोट्या जाळीची घट १६२ पास्कल, खोक्यावरच्या मोठ्या जाळीची १० पास्कल. पंखा ४५ पास्कलच्या आसपास देणारा असेल, तर एल्बो गोल करूनही छोट्या जाळीच्या डक्टमधून हवा निम्म्यावर येते आणि केबिन ५ ऐवजी १० अंशानं तापते. मोठी जाळी तेवढीच भरली तरी मोटरला कळत नाही.

पंखा घ्यायला जाताना हिशोब असा न्या: २८.६ मधून स्वच्छ जाळीचा १ वजा, भरलेल्या जाळीचे १० अधिक, त्यावर वीस टक्के राखीव. साधारण ४५ पास्कल, पाण्याचे साडेचार मिलिमीटर. दुकानात ‘बारा इंची एक्झॉस्ट द्या’ म्हणू नका, ‘४५ पास्कलला तासाला १३७० घनमीटर देणारा पंखा द्या आणि त्याचा तक्ता दाखवा’ असं म्हणा. डब्यावर छापलेला आकडा बहुधा शून्य दाबाचा असतो. डक्टला जोडल्यावर तेवढी हवा कधीच मिळत नाही.

पंखा हवा आत ढकलणारा ठेवा, केबिनमधून बाहेर ओढणारा नको. ओढणाऱ्या पंख्यानं केबिनचा दाब बाहेरपेक्षा कमी होतो आणि दाराच्या फटीतून, केबलच्या भोकातून रुई आत येते. ढकलणाऱ्यानं उलट हवा फटीतून बाहेर पडत राहते. डक्टचं तोंड मोटरच्या पंख्यासमोर, जाळीच्या व्यासाएवढ्या अंतरावर आणा. ते छताकडे सोडलं तर मोटर थंड हवा न ओढता आपलीच गरम हवा फिरवत बसते. गरम हवेची जाळी समोरच्या, शाफ्टच्या बाजूला, उंचावर हवी. आणि खोक्याच्या पद्धतीनं मोटरचा स्वतःचा पंखा किती ओढतो ते पाहून ठेवा. डक्टची हवा त्याहून जास्तच असली पाहिजे.

पास्कल मोजायची फळी

महागडं मीटर नसलं तरी अडत नाही. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी, आतला व्यास ६ मिलिमीटर, एक मीटर घ्या. ५०० मिलिमीटर लांबीच्या फळीवर ती सरळ बसवा आणि फळीचं एक टोक ५० मिलिमीटर उचला. खालचं टोक एका रुंद बाटलीच्या बुडाशी जोडा. पाण्यात कपड्याची नीळ आणि भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब टाका. साबण नसेल तर पाणी नळीला चिकटतं आणि आकडा अडखळतो. हा चढ एकास दहा आहे, त्यामुळे नळीत १ मिलिमीटर सरकणं म्हणजे जवळपास १ पास्कल. फळीवर पट्टी चिकटवली की मीटर तयार. फळी दरवेळी लेव्हलनं त्याच चढावर ठेवा आणि पंखा बंद असताना शून्य पाहून घ्या.

जाळीची घट पाहायची असेल तर जाळीमागच्या खोक्याच्या पत्र्याला २ मिलिमीटरचं भोक पाडा. भोक हवेच्या दिशेला काटकोनात हवं, आतून कानसून गुळगुळीत हवं. बर्र (कडेची खरखर) राहिली की आकडा चुकतो. नळीचं वरचं टोक त्या भोकाला जोडा, बाटलीचं तोंड बाहेरच्या हवेला उघडं ठेवा. जाळी स्वच्छ असताना पाणी जेमतेम हलेल. ८ ते १० मिलिमीटर चढलं की जाळी झाडायची वेळ झाली. पावसाळ्यात नळीत शेवाळ धरतं, पाणी बदला.

अ‍ॅनिमोमीटर नसेल तर हवा उलट्या वाटेनंही मिळते. केबिनमध्ये येणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान घ्या. ४४ आणि ५१ आलं, फरक ७. २०२० भागिले (१०७५ × ७) म्हणजे ०.२७ घनमीटर प्रति सेकंद. ठरवले होते ०.३८. कुठेतरी दाब जास्त खातोय.

हमखास दिसणाऱ्या चुका

मोटर तापते म्हणून तिच्यावर ओलं पोतं टाकणं ही आपल्याकडची सर्वांत नुकसानकारक सवय. फिनमधली चर ही हवेची वाट आहे. पोतं ती वाट बुजवतं, हवा पोत्यावरून निघून जाते. पाणी आहे तोवर थोडा गारवा वाटतो, वाळलं की मोटर गोधडीत गुंडाळल्यासारखी होते. शिवाय पाणी झिरपून टर्मिनल बॉक्समध्ये जातं. कुलरची हवा मोटरवर सोडण्याच्याही आम्ही विरोधात आहोत: ओल्या हवेत रुई आणि कोंडा फिनवर लेपासारखा बसतो, आणि तो लेप मग झाडून निघत नाही.

पंख्याचं कव्हर हरवलं तरी मोटर चालवली जाते. पंखा फिरताना दिसतो, पण कव्हर नसलं की हवा पात्यांवरून बाजूला फेकली जाते, फिनकडे वळतच नाही. कव्हर वाकून मोटरच्या बॉडीपासून लांब गेलं तरी तेच. बदली पंखा लावताना व्यास मोजा. व्यास दहा टक्क्यांनी कमी म्हणजे पात्याच्या टोकाचा वेग दहा टक्क्यांनी कमी आणि दाब जवळपास एकोणीस टक्क्यांनी कमी. मोठ्या दोन पोलच्या काही मोटरींना एकाच दिशेचा पंखा असतो आणि कव्हरवर बाण असतो. फेज उलटे जोडून दिशा बदलली तर त्या पंख्याची हवा बरीच घटते.

फिनमध्ये ऑइल पेंटचे थरावर थर चढवू नका. हंगाम नसताना बंद राहिलेल्या मोटरच्या जाळीत कुंभारमाशी मातीचं घर बांधते. हंगाम सुरू करण्याआधी कव्हर काढून आत बघायलाच हवं.

व्हीएफडीवर (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर) चालणाऱ्या मोटरचा पंखा शाफ्टसोबतच मंदावतो. ५० ऐवजी २५ हर्ट्झवर हवा निम्मी होते, दाब चौथाई. कन्व्हेयर किंवा फीडरसारखा लोड कमी वेगातही तेवढाच ओढत असेल तर तांब्यातला लॉस तसाच राहतो. अशी मोटर बराच वेळ ३० हर्ट्झखाली चालणार असेल तर मागे स्वतंत्र पंखा बसवा, त्याला थेट वेगळा सप्लाय द्या. व्हीएफडीच्या आउटपुटवर तो जोडायचा नाही.

झाडणं

जिनिंगमध्ये ही कामं पाळीला एकदा, दाल मिल आणि राइस मिलमध्ये दिवसाआड. मेन पाडा, पंखा पूर्ण थांबू द्या. हवेचा झोत शाफ्टच्या बाजूकडून पंख्याकडे मारा, म्हणजे रुई आली त्याच वाटेनं परत जाते. पंख्याकडून मारलीत तर ती फिनच्या टोकाशी दाबून बसते. कॉम्प्रेसरचा दाब दोन किलोच्या आसपास पुरे. शेजारची मशीन चालू असताना रुई उडवू नका. हवेत तरंगणारी रुई आणि एक ठिणगी एवढ्यावर जिनिंगला आग लागते.

कव्हरच्या आत, पंख्याच्या मागे रुई-धुळीची एक कडी जमते, बाहेरून न दिसणारी. आठवड्यातून एकदा कव्हरचे स्क्रू काढून ती बोटानं ओढून काढा. झाडण्याआधी आणि झाडल्यानंतर, टेप चिकटवलेल्या त्याच जागेवर बॉडीचं तापमान घ्या, दोन्ही वेळा तिन्ही फेजचा करंट आणि बाहेरच्या हवेचं तापमान घ्या, आणि स्टार्टरच्या झाकणाच्या आत खडूनं तारखेसह लिहून ठेवा.